सरळ केलेल्या ओळी

सकाळी फाईल उघडली तेव्हा ती कुणीतरी सरळ करून ठेवलेली होती. आधी वाटलं, चुकून दुसऱ्याचीच उघडली. पण नाव तेच होतं आणि मजकूरही तोच, ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक कोणत्या दिवशी परत यायला हवं हे ठरवणारा, मी लिहिलेला प्रोग्रामचा भाग. फक्त माझ्या सवयी त्यातून निघून गेल्या होत्या. मी बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणतो, त्यासाठी मधे बेताच्या मोकळ्या जागा सोडतो, म्हणजे वरून खाली उतरताना डोळा कुठे अडखळत नाही. ती रांग मोडली होती आणि प्रत्येक चिन्ह आपापल्या शब्दाला जाऊन चिकटलं होतं. लांब ओळी मधेच तोडून खाली घेतल्या होत्या. दोन भागांमध्ये श्वास घ्यायला म्हणून मी जास्तीची रिकामी ओळ सोडतो, ती गेली होती. अर्थ कुठेही बदललेला नव्हता. पुस्तक त्याच दिवशी परत मागितलं जात होतं, त्या दिवशी ग्रंथालय बंद असेल तर त्याच पद्धतीने एक दिवस पुढे ढकललं जात होतं. आपण परगावी गेलेलो असताना कुणी घरात शिरावं, काहीही नेऊ नये, नुसत्या चादरींच्या घड्या घालून निघून जावं, तसं ते होतं. चोरी झाली असती तर निदान आरडाओरड तरी करता आली असती.

थोड्या वेळाने कळलं की मी उघडली होती ती मूळ फाईल नव्हतीच. फूटपट्टीने आमच्या सगळ्या कामाची एक वेगळी प्रत करून तिच्यावर तो प्रयोग केला होता, आणि मी नेहमीच्या वेंधळेपणाने त्या प्रतीत शिरलो होतो. फूटपट्टी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नेमकी बाई. तिचं हे नाव दाढीने पाडलं. दाढी माझ्या समोर बसतो आणि हजेरी घेतल्यासारखी सगळ्यांना नावं ठेवतो. खिडकीपाशी एकमेकांना चिकटून बसणारे दोघे, नात्याने कुणी कुणाचे नाहीत, तरी तो त्यांना जुळे म्हणतो. मला सगळे काका म्हणतात, त्यात दाढीचा हात नाही, वयाचा आहे. आम्ही पाच जण पडद्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून ग्रंथालयांच्या सूचीचा प्रोग्राम सांभाळतो. खाली दिवसभर शिवणयंत्रं चालतात आणि त्यांची थरथर टेबलाच्या पायांतून वर येते, नव्या कापडाचा खळीचा वास जिन्यातून वर येतो. किती ग्रंथालयं आमचा प्रोग्राम वापरतात ते मला नक्की माहीत नाही. वाचकाने पुस्तकाचं नाव अर्धवट आठवून विचारावं आणि ते सापडावं, इतकंच मला माहीत आहे, आणि खरं तर त्यातलंही किती माझ्यामुळे सापडतं याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.

फूटपट्टीचा प्रस्ताव साधा होता. प्रत्येक जण आपल्या पद्धतीने कोड लिहितो. दाढी ओळी ताणतो, जुळे कंस खालच्या ओळीवर टाकतात, काकांचे रकाने. एकाने दुसऱ्याच्या फाईलला हात लावला की आधी तो मोकळ्या जागा आपल्यासारख्या करून घेतो, मग काय बदललं आणि काय नुसतं हललं हेच कळत नाही. तर यापुढे मांडणी माणसाने करायचीच नाही. फॉरमॅटर नावाचा प्रोग्राम ती करेल, सगळ्यांची सारखी. आणि त्याच्या जोडीला लिंटर, म्हणजे चुका हुडकत फिरणारा दुसरा प्रोग्राम. नाव दिलंय पण वापरलं नाही, या ओळीपर्यंत गाडी कधी पोचतच नाही, असं तो एकेका ओळीपाशी थांबून सांगेल, आणि तो गप्प झाल्याशिवाय कुणाचंही काम सामायिक कामात जाणार नाही. तिने तो माझ्या फाईलवर चालवून पाहिला होता. एका ठिकाणी त्याने म्हटलं होतं, 'ही ओळ अनावश्यक आहे.' खाली ओळीचा क्रमांक. बस. मी ते वाचलं आणि कान गरम झाले. ओळ खरंच अनावश्यक होती, हे मला तेव्हाच दिसलं. पण ते इतक्या कोरडेपणाने आयुष्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं निदान आधी खाकरतात.

आमच्यात एक रीत आहे. सगळ्यांना लागू होणारा नियम बदलायचा तर प्रत्येकाने प्रस्तावाखाली 'मान्य' असं लिहायचं. एक जण जरी गप्प राहिला तर प्रस्ताव पडून राहतो, आणि गप्प राहणाऱ्याला कारण विचारायचं नाही. ही रीत पूर्वी माझ्याच सांगण्यावरून पडली. चारचौघांत 'नाही' म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि तेव्हा सूची सुरू करणाऱ्या जुन्या ग्रंथपालांनी, माझ्याकडे न बघता, ही सोय करून दिली. त्या दिवशी दुपारपर्यंत दाढीचं मान्य आलं, जुळ्यांचं आलं, फूटपट्टीचं तर होतंच. मी गप्प राहिलो. आणि रीतीप्रमाणे मला कुणीही काही विचारलं नाही. मी चहा करायला कोपऱ्यात गेलो तेव्हा जुळे बोलता बोलता थांबले. फूटपट्टी माझ्या टेबलावरून गेली ती जरा वळसा घेऊन. मला आत कुठेतरी माहीत होतं की ते रीत पाळतायत. पण एखाद्याला वाळीत टाकलं असतं तर ते याहून वेगळं काय दिसलं असतं, हे काही मला सांगता येईना.

त्यात दाढीने चहाच्या कोपऱ्यात माझ्या मनात पाल सोडली. सोडली म्हणजे त्याने सहजच सांगितलं, तो सगळं सहजच सांगतो. "काका, वरची मंडळी महिनाअखेरीला अहवाल काढतायत म्हणे. कोणाच्या नावावर किती ओळी."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे काय. पाचांचे चार करायचे असतील. नाहीतर चारांचे सहा. वरच्यांचं काय सांगता येतंय?" त्याने साखर ढवळली. "तुमची मुदतवाढ याच महिन्यात असते ना?"

"असते."

"मग झालं तर. तुमच्या ओळी सगळ्यात जुन्या. तुम्हाला कोण हलवतंय?" असं म्हणून तो गेला, आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं मला आवडलं नाही.

निवृत्तीचं वय उलटूनही मला दरवर्षी एकेक वर्ष वाढवून मिळत आलं आहे. का मिळतं हे मी कधी विचारलं नाही, झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये म्हणतात. आता मात्र मी जागेवर येऊन बसलो आणि हिशेब आपोआप जुळत गेला. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव संगणक लक्षात ठेवतो. अहवाल त्याच नावांवरून निघतो. आणि फॉरमॅटर एकदा सगळ्या कामावर फिरवला की जी जी ओळ हलेल त्या ओळीवर फिरवणाऱ्याचं नाव चढतं. तिथे शब्द बदलायला लागत नाही, एक मोकळी जागा पुरते. म्हणजे फूटपट्टीने ती आज्ञा दिली की माझ्या नावावरच्या साऱ्या ओळी तिच्या नावावर. कुणी मला काढलं नाही, कुणी वाईटपणा घेतला नाही, महिनाअखेरीला कागदावर फक्त असं दिसेल की हा गृहस्थ इतकी वर्षं इथे येऊन चहा पीत होता. सुंठीवाचून खोकला गेला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला पुस्तकांतून माहीत होतं, पण तो केस इतका नीटनेटका, तेल लावून विंचरलेला असेल असं वाटलं नव्हतं. मान वर करून मी फूटपट्टीकडे पाहिलं. ती पडद्यावर काहीतरी वाचत होती आणि पेन्सिलीचं मागचं टोक चावत होती. कारस्थान करणारी माणसं पेन्सिल चावतात का? न चावायला काय झालं.

घरी हिला सांगितलं. ही पूर्वी इस्पितळात नर्स होती. जगातल्या बहुतेक दुःखांकडे ती अजूनही नाडी बघितल्यासारखी बघते. तिने सगळं ऐकून घेतलं, मोकळ्या जागांसकट. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी 'या, बसा' म्हटलं तरी तुम्ही आधी खुर्चीखाली वाकून बघता."

"आणि खुर्ची मोडकी निघाली तर?"

"निघाली होती का कधी?"

"लग्नाच्या आधी, तुझ्या आत्याच्या घरी."

"ती एकदा. आणि तेव्हा तुम्ही वाकून बघितलं नव्हतं, पडलात." तिने भांडी आवरायला घेतली. "वॉर्डात आम्हाला सगळ्यांना एकाच पद्धतीने लिहायला लावायचे. कुठल्या रकान्यात ताप, कुठल्यात लघवी. एक होती आमच्यात, तिचं अक्षर मोत्यासारखं, पण बारीक, ती रडली होती. तिच्या अक्षराने कुणाचा ताप उतरत नव्हता हो."

"पण ती रडली होती ना?"

"रडली. नंतर माझ्या पाळीला तिने लिहिलेलं वाचायला मला चष्मा लागेनासा झाला." मग तिने पाण्याचा हात पदराला पुसला आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "मुदत नाही वाढली तर काय कराल?"

मी म्हणालो, वाचेन. ती हसली नाही. दोघांनाही माहीत होतं की मी आत्ताही तेच करतो. पण सकाळी बाहेर पडून, जिना चढून, खळीचा वास घेत एका खुर्चीत बसून वाचणं वेगळं, आणि घरात वाचणं वेगळं. घरात वाचणारा म्हातारा हा सामानापैकी असतो.

अंथरुणावर पडलो तेव्हा वडील आठवले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेक अक्षर शिशाचं, उलटं, चिमटीत धरून ओळीत बसवायचं. मोकळी जागाही शिशाचीच असायची, अक्षराहून बुटका तुकडा, म्हणजे त्याला शाई लागू नये. लहानपणी मला त्याचं फार नवल वाटायचं, की रिकामं असलेलंही वजनदार असतं आणि तेही कुणीतरी हाताने ठेवावं लागतं. वडील छापलेलं पान उजेडात धरून सांगायचे, "हे डावखुऱ्याने जुळवलंय. हे त्याच्या मेव्हण्याने. बघ, पूर्णविरामानंतर घाई." मी मान डोलवायचो. मला काहीच दिसायचं नाही, पण आपल्या वडिलांना दिसतं या अभिमानात मी वाढलो, आणि पुढे कोड लिहायला लागलो तेव्हा रकाने जुळवायची ती हौस तिथूनच आली असावी. त्या अंधारात पहिल्यांदाच एक विचार आला आणि मी कूस बदलली. वडिलांना खरंच ओळखू यायचं का? छापखान्यात पानं जुळवणारे होतेच किती? डावखुरा, त्याचा मेव्हणा, आणि ते स्वतः. स्वतः जुळवलेलं आठवत असणारच. राहिले दोघे. दोघांतून एक ओळखणं म्हणजे नाणं उडवणं. आणि पडताळून बघायला कोण जाणार होतं? मी? मेलेल्या माणसावर असा संशय घेतल्याची लाज वाटली, पण तो गेला नाही, पायाशी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी प्रस्तावाखाली फूटपट्टीची नवी ओळ होती. 'एकमत झाल्यास फॉरमॅटर चालवण्याचं काम काकांनी करावं, असं मी सुचवते.' खाली जुळ्यांनी होकाराचा अंगठा टाकला होता. दाढीनेही. मी ते वाचलं आणि काल जुळवलेला सगळा हिशेब विस्कटला. मी चालवायचा म्हणजे नाव चढणार ते माझं. तिचं, दाढीचं, जुळ्यांचं, सगळ्यांचं काम माझ्या नावावर. अहवालात मी एकटा उरेन. हे लालूच होतं का? 'मान्य' लिहून घ्यायला? की याहून खोल काही होतं? उद्या कुठल्या ग्रंथालयात काही बिघडलं, शोधलेलं पुस्तक मिळालं नाही, तर त्या ओळीवर कुणाचं नाव? काकांचं. सगळ्या चुकांचा एक धनी. जाता जाता म्हातारा सगळ्यांची पापं घेऊन जाईल, आणि तेही स्वतःच्या हाताने. आमिष आणि गळ एकाच दोरीला असतात. कुठेतरी पाणी मुरत होतं खास. पण कुठल्या भिंतीत मुरतंय तेच कळेना, आणि दोन्ही भिंती मलाच टेकल्या होत्या.

दुपारी बाकीचे जेवायला गेले. मला भूक नव्हती. मी ती सरळ केलेली प्रत पुन्हा उघडली. काय मनात आलं कोण जाणे, कदाचित वडिलांच्या बाजूने साक्ष काढावी असं असेल. या प्रतीत सगळीकडे फूटपट्टीचंच नाव चढलं होतं, खरी नावं मूळ कामात होती, ती न बघता मी वाचायला लागलो. म्हटलं, बघू, मला माझं ओळखू येतं का. मांडणी गेली तरी माणूस उरतोच ना मागे, वाक्याच्या चालीत, कुठे थांबतो त्यात. सगळ्या फाईली आता एकसारख्या दिसत होत्या, एकाच गणवेशातल्या मुलांसारख्या, आणि मी शाळा सुटताना फाटकाशी उभ्या बापासारखा आपलं पोर शोधत होतो. बराच वेळ गेला. मग एक भाग आला आणि मी थांबलो. वाचकाने लेखकाचं नाव चुकीचं लिहिलं तर काय करायचं, ते त्यात होतं. तो आधी काहीच करत नव्हता. आधी विचारत होता, हे नाव असंच तर नसेल ना? मग विचारत होता, याच्या आडनावाचे दुसरे कुणी आहेत का? वाचकाची चूक आहे असं गृहीत धरायला तो शेवटपर्यंत तयार नव्हता. तो भिडस्तपणा, ते दारावर टकटक करण्याआधी पाय पुसणं, मला इतकं ओळखीचं वाटलं की छातीत ऊब आली. म्हटलं, हा मी. आठवत नाही कधी लिहिलं, पण हा मीच. पुढे आणखी एक भाग होता, तुटक, घाईचा, समोरच्याचं ऐकून न घेता थेट नकार देणारा. मी मनात म्हटलं, फूटपट्टी. दुसरं कोण असणार?

मूळ कामात जाऊन नावं बघितली. पहिला भाग फूटपट्टीचा होता. दुसरा माझा.

खाली शिवणयंत्र थांबलं होतं, जेवणाची सुट्टी तिथेही असावी. मला हसू यावं अशी परिस्थिती होती, आणि ते आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला माझा हात समजत होतो, ते फक्त बरोबरच्या चिन्हांची रांग होती? रकाने काढून घेतले तर आत घाई होती, नकार होता? आणि जिला मी कोरडी समजत होतो तिच्या आत ते पाय पुसणं? पुन्हा प्रतीत येऊन आणखी भाग वाचले. पुन्हा चुकलो. दाढीच्या एका तुकड्याला जुळ्यांचा म्हणालो, जुळ्यांच्या एकाला माझा. मात्र वाचता वाचता एक गोष्ट लक्षात येत गेली, आणि तिचा आनंद मानावा की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी लिहिलं हे मला सांगता येत नव्हतं. पण कुठलाही भाग कशासाठी आहे, तो काढला तर कोणत्या वाचकाचं काय अडेल, हे दर वेळी सांगता येत होतं. मी ते सगळं कधी ना कधी वाचलेलं होतं. लिहायचं सोडून मी इथे बहुधा तेच करत आलो होतो.

ती जिन्यात भेटली. जेवून वर येत होती, मी उगाच खाली चाललो होतो. रीत मोडायची तर ती मीच मोडायला हवी होती, गप्प राहणारा मी होतो.

"मीच का?" मी विचारलं.

तिला लगेच कळलं. "मग कोण?"

"एक आज्ञा तर द्यायची. दाढीही देईल."

"देईल. आणि उद्या कुणी विचारलं, ही ओळ अशी का, तर दाढी म्हणेल, मला काय विचारता, मशीनला विचारा."

"मीही तेच म्हणेन."

"तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही ती ओळ वाचाल, मग तिच्या वरची वाचाल. मग अख्खी दुपार घालवाल. मग येऊन सांगाल की प्रश्न दुसराच आहे."

ही स्तुती होती की टोमणा, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिचा चेहरा आज्ञेसारखाच असतो, त्यात सूर नसतो. मी म्हणालो, "ओळी मोजतायत म्हणे. वरची मंडळी."

"कोण म्हणालं? दाढी?"

"हो."

"मलाही त्यानेच सांगितलं." ती कठड्याला टेकली. "खरं असेलही. त्याचं दहातलं एक खरं निघतं, पण कुठलं एक ते आधी कळत नाही."

"मग तुमच्या ओळी माझ्या नावावर गेल्या तर?"

"जातील."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

तिने खाली दुकानाच्या दाराकडे पाहिलं. तिथे एक बाई कापड बोटांत चुरगाळून बघत होती, खळ धुऊन गेल्यावर किती राहील त्याचा अंदाज घेत. "वाटते ना," फूटपट्टी म्हणाली. "घरी मी एकटी कमावते, काका. नवरा बरा नसतो, तुम्हाला माहीत नसेल. पण हे काम असंच राहिलं तर पुढच्या वर्षी ते कुणालाच वाचता येणार नाही. मग पाचही नकोत. भीती वाटते म्हणूनच तर दाढीच्या हातात देत नाहीये." आणि ती माझ्या बाजूने वर गेली, यावेळी वळसा न घेता.

मी वर आलो आणि 'मान्य' लिहिलं. खाली यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. मग आज्ञा दिली. पडद्यावर फाईलींची नावं भराभर सरकत गेली, माझीही त्यात कुठेतरी गेली असेल, मला दिसली नाही. आणि झालं. सगळं काम सरळ झालं आणि सगळ्या कामावर, वरपासून खालपर्यंत, माझं नाव होतं. मी ते बघत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. भिडस्तपणे विचारणारा तो भागही आता कागदोपत्री माझा होता, आणि अहवाल काढणाऱ्याला माझ्याइतकीही शंका येणार नव्हती.

फॉरमॅटरची माहिती देणारं जे लांबलचक पान असतं ते कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. मी वाचतो, वाचायचं सोडून मला दुसरं काही येत नाही. त्या पानाच्या तळाशी एक सोय सांगितली होती. एका छोट्या फाईलीत फॉरमॅटरने केलेल्या त्या एका बदलाचा क्रमांक लिहून ठेवला, तर नावं विचारताना संगणक त्या बदलाकडे कानाडोळा करतो आणि त्याच्या मागचा खरा हात दाखवतो. फूटपट्टीला हे माहीत होतं का? माहीत असेल तर ही परीक्षा होती, आणि माझी अशी परीक्षा घ्यायचा तिला काय अधिकार? माहीत नसेल तर आत्ता या खोलीत ते एकट्या मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो तर ती चोरीही ठरणार नव्हती. मला गप्प बसायचा हक्क होता. मी खुर्ची पुढे ओढली, मागे नेली. घरच्या हिचा आवाज मनात ऐकू आला तसा ऐकला आणि तो बाजूला ठेवला, तिला यात पाडायचं नव्हतं. दुकानाच्या दारातल्या त्या बाईने बोटांत चुरगाळलेलं कापड का कोण जाणे सारखं डोळ्यांसमोर येत राहिलं. मी तो क्रमांक पाहून पाहून, एकेक आकडा पडताळून लिहिला, आणि ती फाईल सामायिक कामात टाकली.

नावं परत आली. माझ्या ओळी समजत होतो त्याहून बऱ्याच थोड्या निघाल्या. इतकी वर्षं जुळ्यांनी, दाढीने, तिने त्यांच्यावरून हात फिरवून फिरवून त्या कधीच आपल्या करून घेतल्या होत्या, चांगल्यासाठीच, आणि मी रकाने बघून सगळं माझंच समजत आलो होतो. एवढ्या ओळींवर कुणाची मुदत वाढत असेल असं मला वाटत नाही.

"काका," दाढी पलीकडून म्हणाला, "हे काय केलंत? आमच्या सगळ्या चुका तुमच्या नावावर खपणार होत्या. चांगला मेळ बसला होता."

"तुझ्या तुला राहू देत," मी म्हणालो.

"कंजूष आहात," तो म्हणाला, आणि जुळे हसले.

फूटपट्टी आपल्या जागेवर होती. मी तिच्याकडे गेलो, तिला ती सोय समजावून सांगावी म्हणून, आणि खरं तर ती तिला आधीच माहीत होती का हे चेहऱ्यावरून पकडावं म्हणून. ती पाठमोरी होती. पडद्यावर फाईली भराभर सरकवत होती, एक उघडायची, नावाच्या रकान्यात बघायची, बंद करायची, दुसरी उघडायची. इतक्या घाईने तिला काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग एका ठिकाणी ती थांबली. तिथे तिचं नाव होतं, ओळीमागून ओळ. तिचे खांदे, ते इतका वेळ कानांपर्यंत चढलेले होते हे मला तेव्हा कळलं, हळूहळू खाली आले. तिला माहीत नव्हतं. मी परत फिरणार होतो.

"काका," ती न वळता म्हणाली, "असं मागे नका उभे राहू. मला वाटतं, कुणीतरी चुका काढतंय."

मी शेजारची खुर्ची ओढली आणि तिला दिसेन असा बसलो.